डाव्या हाताचा दोर

माझं लक्ष कुठं असतं हे बहुतेक वेळा मलाच ठाऊक नसतं. दूध उतू जातं तेव्हा मी शेगडीसमोरच उभी असते. मोटर बंद करायला म्हणून जाते आणि पाटाच्या पाण्यावरून वाहत जाणाऱ्या बाभळीच्या फुलांकडे बघत बसते, इतकी की नवरा बांधावरून हाका मारून थकतो. "गेली बाई तंद्रीत," असं घरात म्हणतात. मी वाद घालत नाही. तंद्रीत बरं वाटतं, तिथं कुणी काम सांगत नाही.

रविवारच्या वर्गालाही मी अशीच गेले, फारसं काही न ठरवता. आमचं गाव लोणी आणि निरगुडसरच्या मधल्या माळावर, एका ओढ्याच्या काठी. अर्ध्या शिवाराला कालव्याचं पाणी मिळतं आणि अर्धं अजून आभाळाकडे बघतं. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंच्या मनात एकदा आलं की गावातल्या जुन्या कला शिकायच्या. ही बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तिनं एकदा मनावर घेतलं की तालुक्याचा साहेबसुद्धा खुर्चीतून उठतो. तिनं जुन्या शाळेची ओसरी मागून घेतली, झाडून काढली, भिंतीवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला आणि आम्ही आठ-नऊ जणी दर रविवारी दुपारी जमायला लागलो. पहिले दोन महिने गोधडी. बाकीच्या शिकल्या. माझे टाके बघून अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, ही गोधडी हाय का कालव्याचा नकाशा?" सगळ्या हसल्या आणि मीही हसले, कारण टाके खरंच कालव्यासारखे वळत गेले होते.

त्याचं कारण होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी डावखुरी आहे. माहेर माझं ओझरजवळ. लहानपणी देवळात प्रसादाला डावा हात पुढे गेला की आईची चापटी बसायची. शाळेत पट्टी बसायची. पुढं मी उजव्या हातानं जेवायला शिकले, लिहायला शिकले, पंगतीत वाढायला शिकले. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण उजव्या हाताला मी सतत सांगत असते, आता हे कर, आता ते कर. डाव्याला सांगावं लागत नाही. तंद्री लागली की तो आपला आपण पुढे येतो.

आषाढ सरता सरता दोर वळण्याचा वर्ग सुरू झाला. शिकवायला ओढ्यापलीकडच्या वस्तीतले एक म्हातारे बाबा आले. त्यांच्या घराकडे पिढ्यानपिढ्या दोराचं काम. गावातल्या गोठ्यातलं प्रत्येक दावं, प्रत्येक बैलाची म्होरकी, गाडीचा प्रत्येक कासरा एके काळी त्यांच्या घरातून यायचा. मग दुकानात नायलॉन आलं, लाल, हिरवं, भगवं, आणि बाबांच्या घरचं काम थांबलं. त्यांची मुलं चाकणला कंपनीत लागली. बाबा एकटेच वस्तीवर राहायचे. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्याशुभ्र. खाली बसताना गुडघा कटकन वाजायचा आणि ते म्हणायचे, "ह्यो एक दोर तुटला."

पहिल्या दोन रविवारी दोर नव्हताच, नुसता घायपात होता. आमच्याकडं माळाच्या बांधावर घायपाताची जाड, काटेरी पानं वर्षानुवर्षं उभी असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ती कापायची, ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायची, कुजू द्यायची. मग काढून मोगरीनं बडवायची. वास असा की जेवण नको वाटावं. दोघी-तिघी नाकाला पदर लावून घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मला मात्र ते आवडलं. बडवता बडवता हिरवा चोथा पाण्यात सुटत जायचा आणि आतून पांढरे, लांब धागे बाहेर यायचे. बाबा त्याला वाख म्हणायचे. धुतलेला वाख शाळेच्या तारेवर वाळत घातला की वाऱ्यानं हलायचा. श्रावणाची भुरभुर येऊन जायची, ऊन पडायचं, पुन्हा भुरभुर. त्या ओसरीवर बसलं की दुपार संपायचीच नाही. कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातलं लोढणं लांबून खडखडायचं आणि मला वाटायचं, आपण पाण्याखाली बसलो आहोत, आणि बाहेरचं जग वरून चाललं आहे.

तिसऱ्या रविवारी बाबांनी वळायला शिकवलं. वाखाची बट दोन तळव्यांमध्ये धरायची, उजवा तळवा पुढे सरकवायचा, की पीळ बसतो. असे तीन पेड करायचे आणि मग ते तिन्ही एकमेकांवर गुंफत दोर घ्यायचा. अध्यक्षबाईंनी ठरवलं होतं की भाद्रपदी पोळ्याला गावातल्या निदान दहा बैलांच्या डोक्यावर आमच्या हातची म्होरकी असली पाहिजे. आमच्या घरीही एक बैल आहे. जोडीतला दुसरा गेला, तेव्हापासून नांगरटीला ट्रॅक्टर येतो. हा नुसता खातो आणि माझ्या नवऱ्याचं ऐकून घेतो. नवरा माझ्याशी बोलत नाही इतकं त्याच्याशी बोलतो. नायलॉनच्या म्होरकीनं त्याच्या कानामागं कातडं सोलवटलं होतं, म्हणून नवऱ्यानं मला मुद्दाम सांगून ठेवलं होतं, "आपल्या राजाला वाखाची कर."

माझ्या उजव्या हातानं वळलेला दोर मिनिटभरात उलगडायचा. मी तो मांडीवर धरून बसायची आणि तो सुटा व्हायचा, अगदी हळू, जणू त्यालाही झोप येत होती. शेजारणी मला दया दाखवायच्या. दया मला मुळीच आवडत नाही. मी आणखी जोर लावायची आणि तो आणखी सुटायचा.

त्याच दिवशी कुणीतरी बाबांना विचारलं, "बाबा, आत्तापत्तुर किती दोर वळलं असतील तुमी?"

"बैलाचं मोजलं न्हाईत," बाबा म्हणाले. "आन् दुसरं तर मोजायचंच नसत्यात."

"दुसरं कंचं?"

 मग त्यांनी सांगितलं. गावात कुणी गेलं की तिरडीला बांधायचा दोरही त्यांच्याच घरून जायचा. तो उलट्या पिळाचा असतो. बैलाच्या दोराला जो पीळ, त्याच्या बरोबर उलट. वळताना छपराखाली बसायचं नाही, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आणखी एक, ज्या हातानं तो वळला त्या हातानं त्या वर्षी बैलाचा वळायचा नाही.

"मंग तुमचं कसं व्हायचं?" मी विचारलं.

"आमी दोघं व्हतो ना. बैलाचा मी वळायचो. दुसरा आमची बायको. डावरी व्हती ती. तिचा हात उलटाच चालायचा, तिला येगळं काय करावं लागायचं न्हाई."

माझा हात मांडीवरच थांबला. बाबांना ते दिसलं नाही. ते आपल्या हातातल्या वाखाशीच बोलत होते. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या तिरडीचा दोर मग बाबांनीच वळला, दुसरं होतंच कोण. पण आयुष्यभर एका बाजूला चाललेला हात उलटा चालेना. दोर सैल झाला. "वाटंत थांबावं लागलं," ते म्हणाले. "देवळाच्या पुढं, वळणाला. खाली ठिवून पुन्हा आवळली तिला. सगळं गाव बघत व्हतं." मग मिशीवरून हात फिरवून ते हसले. "आता माझा कोण वळंल? पोरास्नी नायलॉन म्हाईत. मला नायलॉन नगं. आन् सैल तर नगंच नगं. म्हनून तर आलो हितं शिकवाया. म्हनलं, कुनी एक जन शिकलं तर शिकलं."

"बाबा, ते नको," अध्यक्षबाई घाईनं म्हणाल्या. "बैलाचं शिकवा. ह्या लेकुरवाळ्या बायका आहेत. ते अशुभ इथं नको."

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा उजवा तळवा पुढे सरकवून दाखवायला लागले. तो विषय मग त्यांनी काढलाच नाही. पण त्यानंतर मला ओसरीवर दुसरं काही दिसेना. एक म्हातारा माणूस उरलेल्या सहा बायकांना बैलाचे दोर शिकवत होता आणि त्याला हवा होता तो एकच दोर कुणी वळणार नव्हतं.

पुढच्या रविवारी ते घडलं. तारेवर वाख वाळत होता. पाऊस थांबून ऊन आलं होतं आणि त्या धाग्यांमधून ते गाळून येत होतं. मी बघत बसले. माहेरच्या धरणाचं पाणी आठवलं, दुपारी असंच चमकायचं. किनाऱ्यावर मी एकटी बसलेली, कुणी हाक मारत नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भानावर आले तेव्हा माझ्या मांडीवर दोर होता. चांगला चार हात लांब. गच्च, गोल, एकसारखा. मी ओढून पाहिला, सुटला नाही. मला इतका आनंद झाला की मी तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

"अगं बाई," शेजारची म्हणाली आणि बसल्या जागेवरून मागं सरकली. "उलटा हाय."

हात डावा चालला होता. मी बघितलं तर डावा तळवा अजून उजव्यावर होता. एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, ओढ्यात टाक. कुणी म्हणालं, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घे. अध्यक्षबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, "पोळा तोंडावर आलाय आणि हे काय करून बसलात ताई!" मला वाटलं, आई कुठून तरी येणार आणि हातावर चापटी देणार. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मला रडू फुटायला आलं.

बाबा उठले. गुडघा वाजला, पण ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग दोन्ही हातांनी हिसका दिला. "गच्च हाय," ते म्हणाले. तो त्यांनी गुंडाळला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर्ग सोडून चालू लागले.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बैलाला चारा टाकत होता. हातातली पेंढी त्यानं टाकून संपवली.

"आपल्या घरचं न्हाई ते काम," शेवटी म्हणाला.

"मग कुणाच्या घरचं?"

"त्यांच्या."

"त्यांच्या घरी आता कुणी नाही."

"आन् राजाची म्होरकी? त्याच हातानं वळनार तू?"

मला राग आला. माझा राग वाईट आहे, तो बोलत नाही, भांडी घासतो. त्या संध्याकाळी मी घरातलं प्रत्येक भांडं घासलं, स्वच्छ होती तीसुद्धा. नवऱ्याचं चुकत होतं असंही नव्हतं. बैलाच्या कानामागची जखम मी रोज बघत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. देवळापुढचं वळण, खाली ठेवलेली बाई, आणि भर गावासमोर दोर आवळणारे बाबा. सैल दोराचं दुःख इतकं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी मी ओढा ओलांडून वस्तीवर गेले. बाबा करंजाच्या झाडाखाली बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी बसा म्हणाले.

"चार हातात भागत न्हाई," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "चौदा लागत्यात."

"वळते मी. पण आमच्या बैलाची म्होरकी मग राहील."

बाबा हसले. पुढचे दोन दात नव्हते, तरी हसणं पूर्ण होतं. "ती मी वळतो. तुमी माझा वळा, मी तुमचा वळतो. आमच्यात असंच व्हतं."

त्या पंधरवड्यातल्या दुपारी आठवल्या की आजही मला नक्की सांगता येत नाही, किती दिवस मी तिथं गेले. पाच असतील, सात असतील. करंजाची सावली ओढ्यावर पडलेली असायची. समोर बाबा बैलाची म्होरकी वळत बसलेले, उजव्या हातानं. इकडे मी, डाव्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला आवरावं लागत नव्हतं. तो चालत राहायचा आणि मी कुठंही जाऊन यायची. ओझरच्या पाण्यावर जायची, आईच्या स्वयंपाकघरात जायची, कधी काळी बघितलेल्या एखाद्या वाटेवर जायची, आणि परत आले की पेड वीतभर वाढलेला असायचा. बाबा फार बोलत नव्हते. मध्येच कधी म्हणायचे, "ती बी अशीच बसायची, कुठं तरी बघत." मग पुन्हा वाखाचा सरसर आवाज.

तीन पेड तयार झाल्यावर ते एकत्र गुंफायचे होते. एवढ्या लांबीला दुसऱ्या टोकाला धरणारं माणूस लागतं. तिथं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी जरा घुटमळले.

"धरतो की," बाबा म्हणाले.

"तुम्ही?"

"का? माझाच हाय. माझ्याएवढं घट्ट कोन धरनार?"

त्यांनी टोक मुठीत धरलं आणि टाच रोवून बसले. मी चौदा हात लांब जाऊन उभी राहिले आणि पेड एकमेकांवर टाकत, मागून पीळ देत त्यांच्याकडे यायला लागले. दोर आमच्यामध्ये ताणलेला होता. माझ्या हाताचा पीळ त्यांच्या मुठीपर्यंत पोचत होता, हे मला जाणवत होतं. त्यांनाही जाणवत असावं, कारण मध्येच ते म्हणायचे, "हितं सैल झालं, माघारी जा." मी माघारी जायची. एकदा नाही, चार वेळा त्यांनी मला उलगडायला लावलं. चौथ्या वेळी मी चिडले. "बाबा, आता काय सोन्याचा करू का?"

"न्हाई पोरी," ते म्हणाले. तोवर ते मला तुमी म्हणत होते. "वाटंत थांबाया नगं, येवढंच."

त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. शेवटची गाठ आम्ही दोघांनी मिळून मारली. दोर त्यांनी घरात नेला नाही. करंजाच्या बेचक्यात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवला. मला त्यांनी म्होरकी दिली. पांढरी, मऊ, कपाळावर बाबांनी स्वतःच्या मनानं विणलेलं एक फूल. मी घरी आणून नवऱ्यापुढे धरली. त्यानं ती हातात घेतली, फूल अंगठ्यानं चोळून पाहिलं, आणि पोळ्याच्या दिवशी राजाच्या डोक्यावर चढवली. मिरवणुकीत नवऱ्याची मान बैलापेक्षा ताठ होती. रविवारच्या वर्गाला मात्र मला कुणी बोलावलं नाही. मी गेलेही नाही.

कार्तिकात बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत, असं वस्तीवरचे म्हणाले. त्यांचा मुलगा चाकणहून धावत आला होता, हातात दुकानातल्या नायलॉन दोरीचा नवा गुंडा. मी त्याला करंजाकडे नेलं आणि बेचक्याकडे बोट दाखवलं. त्याला काही कळेना. मग मी दोर खाली काढला आणि म्हणाले, "हा त्यांनी स्वतः धरून वळवून घेतलाय." तो बाबांसारखाच उंच माणूस. दोर छातीशी धरून तिथंच खाली बसला.

मला वाटलं नव्हतं, पण माझा नवरा त्या दिवशी वस्तीवर गेला. मातीला गेला, परत आला, अंगणातच आंघोळ केली. मी टॉवेल दिला. केस पुसता पुसता तो म्हणाला, "कुठंच थांबावं न्हाई लागलं. देवळापुढच्या वळनालाबी न्हाई." मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि पोटभर रडले. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटत होता. माझ्या डाव्या हाताचं काम कुणीतरी शेवटपर्यंत अंगाशी बांधून नेलं होतं.

ही गोष्ट इथं संपती तर मी ती गोडीनं सांगत बसले असते. पण माघ महिन्यात एका सकाळी अध्यक्षबाईंचा नवरा आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. ह्या घराशी आमचं लग्नापासून येणंजाणं. आदल्याच महिन्यात संक्रांतीला मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. एरवी हा गृहस्थ थेट ओसरीवर येऊन चहा मागतो. त्या दिवशी तो चपला न काढता, फाटकापाशीच थांबला.

"वयनी," तो म्हणाला, "आमचं आप्पा गेलं, पहाटं."

मी पुढे झाले, तसा तो दोन पावलं मागं गेला.

"घरात म्हनत्यात, नायलॉन नगं. त्या बाबांच्या मातीला सगळ्यांनी बघितलं, कसं गच्च व्हतं. तर... तुमी वळाल का?" हे त्यानं जमिनीकडे बघत विचारलं. त्याला पाठवलं होतं ते अध्यक्षबाईंनी, हे मला न सांगता कळलं.

मी नाही कशी म्हणणार? आप्पा म्हणजे त्याचे वडील, त्यांनी माझ्या लग्नात पंगत वाढली होती. बाबांच्या मुलानं जाताना उरलेल्या वाखाची पेंढी माझ्याकडे देऊन ठेवली होती. ती मी अंगणात सोडली. अंगणाला छप्पर नसतं. डावा हात सुरू झाला. पेड गुंफायची वेळ आली तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, तर नवरा गोठ्यातून आला, त्यानं टोक मुठीत धरलं आणि टाच रोवून बसला. दुपारपर्यंत दोर झाला. मी तो गुंडाळला आणि अंगणाच्या कडेला थांबलेल्या अध्यक्षबाईंच्या नवऱ्यापुढे धरला.

त्यानं हात पुढे केला नाही.

"खाली ठिवा वयनी," तो हळूच म्हणाला. "मी उचलतो."

आवाजात मुळीच तुसडेपणा नव्हता. असं करायचं असतं म्हणून तो म्हणाला, रीतीप्रमाणे, मान खाली घालून. मी ठेवला. त्यानं वाकून उचलला आणि गेला. मी तिथंच उभी राहिले. नवरा आतून हाका मारत होता, पण ही तंद्री नव्हती, मी सगळं अगदी लख्ख बघत होते. मी नवी नवरी म्हणून ह्या घरात आले तेव्हा गावात अजून नायलॉन आलं नव्हतं. पोळ्याच्या आधी बाबा खांद्यावर दोरांचा भारा घेऊन ह्याच अंगणाच्या कडेला यायचे. तेव्हा ते तरणे होते. मला पाहिलं की आमच्या वाटणीचे दोर खाली मातीवर ठेवायचे आणि चार पावलं मागं सरकून उभे राहायचे. मी वाकून उचलायची. दरवर्षी उचलायची. मला वाटायचं, एवढा भारा लांबून आणलाय, दमला असेल माणूस.